कच्चं कुठे ठेवायचं

दादा गेला त्या दिवशी मी आधी जेवले आणि मग तो गेल्याचं ऐकलं. डिचोलीच्या माझ्या स्वयंपाकघरात चोणकाच्या तुकड्यांना हळद-मीठ लावत होते (चोणक म्हणजे मुंबईकडचे ज्याला जिताडा म्हणतात तो), आणि फोन वाजला. म्हापशाच्या वृद्धाश्रमाचा नंबर होता. तिथून भलत्या वेळी कुणी कुशल विचारायला फोन करत नाही. काय झालं असणार ते मला कळलं. पण आमच्यात बातमी कानावर पडली की सुतक, आणि सुतक लागलं की मासे बंद. मी फोन वाजू दिला. तुकड्या तळल्या, भात वाढून घेतला, काटे सावकाश काढत जेवले, ताट घासून ठेवलं आणि मग आपण होऊन फोन लावला. "तुमचे श्रीपादबाब पहाटे गेले," तिथल्या बाई म्हणाल्या. "आत्ताच कळलं," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं. वाचणाऱ्यांतल्या काहींना वाटेल, म्हातारीला लाज नाही. नसेल. पण माझ्या जागी दादा असता तर त्याने डोक्याचा तुकडासुद्धा सोडला नसता.

वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांनी सांगितलं, भावावर लिहा, ते मोठे गरवणारे होते. गरवणारे म्हणजे गळ टाकून मासे धरणारे. मोठा होता यात वादच नाही. पेडण्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत खडकावर उभा राहून मोठा मासा धरणाऱ्याला विचारा, कोरगावचे श्रीपादबाब कोण ते सांगेल. मडगावहून गाड्या करून लोक त्याच्या सोप्यावर येऊन बसत... कुठली काठी घेऊ, केवढा गळ घेऊ, तंगूस किती जाड घेऊ. ज्या नायलॉनच्या दोऱ्याला गळ लावतात तो तंगूस. ते सगळे आता त्याच्याबद्दल गोड बोलताहेत. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, ते मला मान्य आहे. म्हणून मी वाईट बोलत नाही, फक्त झालं ते सांगते.

आमचं घर कोरगावचं, काजूची बागायत, थोडी भातशेती. वडील मी लहान असताना गेले आणि घर दादाच्या हातात आलं. त्याला मिसरूडही नीट फुटलं नव्हतं, पण हुकूम करायला मिशा लागत नाहीत. बागायतीतून सुटला की सायकल काढायची, मागे मला बसवायची आणि केरीच्या खडपांवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवर, जायचं. तिथे तेरेखोलची खाडी समुद्राला मिळते आणि भरतीच्या पाण्याबरोबर चोणक, गोबरे, तांबसे आत येतात. माझ्या मांडीवर मातीची कळशी असे आणि तिच्यात जिवंत शेवटे. शेवटा हा छोटा मासा मोठ्या माशाला आमिष म्हणून लावायचा, तोही जिवंत. गळ त्याच्या पाठीतून असा घालायचा की कणा लागता कामा नये, नाहीतर तो मरतो आणि मेलेल्याला चोणक विचारीत नाही. हे काम माझं होतं, माझी बोटं बारीक म्हणून. पहिल्या दिवशी माझ्या हातात शेवटा फडफडला आणि मी डोळे मिटले, तेव्हा दादा म्हणाला, "दोळे उगड गो. तुका दिसलें ना जाल्यार ताका चड दुखता." न बघता गळ घातला तर त्याला जास्त दुखतं, हे बरोबर होतं. त्याची बहुतेक वाक्यं बरोबर असत, हाच त्याचा वाईटपणा.

सामान निवडताना मात्र तो पाहण्यासारखा असे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बाकीचे लोक तंगूस हातात घेऊन ओढून बघत. हा तसं कधी करत नसे. तंगूस आधी तोंडात धरून ओला करायचा, त्याला एक गाठ मारायची आणि मग ओढायचा. तुटतो तो गाठीत तुटतो, कोरा दोर कुणीही विकेल, असं म्हणायचा. दुकानदार कटकट करी, पण त्याच्यासाठी गिऱ्हाईक जमा होत म्हणून गप्प बसे. गळ घरी आणून काजूच्या बुंध्यात रुतवायचा आणि सगळ्या अंगाने खेचायचा. सरळ झाला तर मऊ, मोडला तर कडक, दोन्ही फेकून. जो बुंध्याची साल घेऊन बाहेर येई तो ठेवायचा. काठी बांबूची, मनगटाएवढी जाड. काही वर्षांनी हरमलला राहिलेला एक गोरा परत जाताना रीळ लावलेली काठी त्याला देऊन गेला, तेव्हाही रीळ त्याने इतकं आवळून ठेवलं की तंगूस वीतभरसुद्धा बाहेर जाऊ नये. बारीक तंगूस लावून माशाला तास-तास पळवणाऱ्यांची त्याला चीड होती. "होडयेवयलो मनीस नुस्त्याच्या फाटोफाट वता," तो म्हणे. "आमी खंय वतले? आमचे पांय हांगाच. म्हणून जड बांदचें आनी ढील दिवची ना." होडीवरचा माणूस माशाच्या मागे जातो, आपले पाय इथेच, म्हणून जाड बांधायचं आणि ढील द्यायची नाही... किनाऱ्यावरून मोठा मासा धरण्याची सगळी विद्या एवढ्यात आहे. मडगावच्या लोकांनी ती लिहूनही घेतली. पण घरात राहणाऱ्यांना ती लिहून घ्यावी लागली नाही.

मी बारा-तेरा वर्षांची असताना एकदा त्याने दोरी माझ्या हातात दिली, स्वतः दुसरा शेवटा काढायला वळला आणि नेमका तेव्हाच मासा लागला. तंगूस माझ्या करंगळीभोवती गुंडाळला गेला. मी ओरडले. "सोडूं नाका!" दादा ओरडला. सोडू म्हटलं तरी सोडता येत नव्हतं, बोटाला फास बसला होता. त्याने पुढे होऊन माझ्या हातापलीकडे दोरी धरली, मासा ओढून खडपावर घेतला, त्याच्या डोक्यावर दगड घातला, चोणक चांगला माझ्या कमरेएवढा होता, आणि मग माझ्याकडे बघितलं. तंगूस हाडापर्यंत गेला होता. घरी येऊन त्याने बोटावर काफीची पूड दाबली आणि आईला म्हणाला, "सोडलें ना गो तिणें." ती करंगळी आजही वाकत नाही. आणि खरं सांगायचं तर त्या चार शब्दांनी मी इतकी फुगले होते की आठवडाभर बोट सगळ्यांना दाखवत फिरले. आजही आठवलं की थोडी फुगते. दादावर माझा फार जीव होता. नसता तर हे सगळं लिहायला सोपं गेलं असतं.

आता त्या कच्च्याबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. खडपांत गळ टाकला की तो खाली राहावा म्हणून शिसं बांधावं लागतं. शिसं बुडतं आणि दगडांच्या फटीत अडकतं. अशा वेळी मासा लागला आणि शिसं अडकलेलं असलं, तर जाड तंगूस ना तुटतो ना सुटतो, आणि मासा हिसडे मारून गळ फाडून जातो. म्हणून शिसं मुख्य दोरीला बांधायचं ते दुकानातल्या पुडीच्या सुती दोऱ्याने. गळाकडे जाड तंगूस, शिशाकडे कच्चा दोरा. जोर लावला की कच्चा तुटतो, शिसं तळाला राहतं आणि मासा वर येतो. आम्ही त्या दोऱ्याला नुसतं 'कच्चो' म्हणत असू. सोप्यावर जमलेल्यांना दादा शेवटी हेच सांगे, "जाड सगळेच घेतत. कच्चें खंय ठेवचें तें कळूंक जाय." आणि कच्चो बांधायचं काम माझं होतं, बोटं बारीक म्हणून.

गोवा मुक्त होऊन काही वर्षं झाली होती. गावोगाव मराठी शाळा निघत होत्या आणि मॅट्रिक झालेल्या मुलीला घरी येऊन मास्तरीण व्हा म्हणत होते. मला वाळपईच्या बाजूची एक शाळा मिळायची होती. राहायची सोय मावशीकडे, नेसायला दोन पातळं वेगळी काढून ठेवलेली. मी कोरगावात चालताना मनातल्या मनात मुलांना पाढे म्हणायला लावत असे. अशात एका संध्याकाळी मी सोप्यावर बसून शिशाला कच्चो बांधत होते आणि दादा कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसून काठीला तेल लावत होता.

"डिचोलीची सोयरीक जमली," तो म्हणाला.

"तुजी?"

"दोगांची."

डिचोलीचं ते घर आम्हाला ठाऊक होतं. खनिज वाहणारे ट्रक, पक्कं घर, कुमुद नावाची देखणी मुलगी. दादाने तिला जत्रेत पाहिली होती आणि तेव्हापासून त्याचं जेवणात लक्ष नव्हतं. पण तिच्या मोठ्या भावाला, वसंतला, फिटी येत. भर जत्रेत तो पडला होता तेव्हा लोक त्याच्या नाकाला चप्पल लावत होते, ते मीही बघितलं होतं. त्याला कुणी मुलगी देत नव्हतं. म्हणून साटेलोटे... आमची घ्या, तुमची द्या.

"ताका फिटी येतत न्हय?" मी विचारलं.

"येतत."

"मगे माजी शाळा?"

दादाने माझ्या हातातलं शिसं घेतलं, कच्चो दोन बोटांत धरून हलकाच ताणून पाहिला आणि परत दिलं. "घरांत लेगीत एक कच्चो लागता गो, शालू," तो म्हणाला. "सगळेंच जाड बांदलें जाल्यार सगळेंच वता." घरातसुद्धा एक कच्चा दोरा लागतो, सगळंच जाड बांधलं तर सगळंच जातं. आई आत चुलीपाशी होती. तिला ऐकू गेलं, कारण भात उतू गेला तरी ती हलली नाही. मी रडले नाही. हातातली गाठ पुरी केली. गाठ चांगली बसली होती.

वसंत माणूस म्हणून वाईट नव्हता, हे इथेच सांगून टाकते, नाहीतर वाचणारे भलतीच गोष्ट घेऊन उठतील. त्याने मला कधी दुखवलं नाही, उलट प्रत्येक फिटीनंतर माझी माफी मागे, ते बघवत नसे. मूल झालं नाही. डिचोलीच्या बायकांनी बरंच झालं म्हणून समाधान केलं. मग एका सकाळी त्याला विहिरीच्या कठड्यावर फिट आली. त्यानंतर ट्रकांचं मी बघायला लागले. ट्रक मी कधी चालवला नाही, ट्रकवाल्यांना चालवलं. दारापुढून दिवसभर तांबडी धूळ उडायची, उंबऱ्यावर, पातळावर, पाण्याच्या घागरीवर बसायची, आणि मी तिच्यावरच बोटाने पाढे लिहून पुसायची.

वसंतचं सुतक फिटलं त्या दिवशी दादा सायकल हाणत कोरगावहून आला. सुतक सुटलं की माहेरचे मासे यायचे, तशी रीत. त्याने आणलेला चोणक एवढा मोठा होता की पोत्याबाहेर शेपटी लोंबत होती. ओसरीवर टेकला, पाणी प्यायला, माझ्या मोकळ्या कपाळाकडे एकदा बघून घेतलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. जायला उठला तेव्हा म्हणाला, "कापताना तोंडात गळ मिळतलो. उडोवं नाका, बरो आसा." फेकू नको, चांगला आहे, असं. मी चार दिवसांनी तो गळ धुऊन पुसून वाणसामानवाल्याच्या हाती कोरगावला पाठवून दिला. आजही कुणाला हे सांगितलं की हसू येतं. मलाही येतं, आणि मग येत नाही.

कुमुदवहिनीला त्याने ढील दिली नाही. तिला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, फक्त आवळून धरलं. माहेरी यायचं तर सकाळी यायचं आणि संध्याकाळच्या बसने परत. माझ्या घरी ती येई तेव्हा चहाचा कप हातात धरून घड्याळाकडे बघत बसे. "तुमी सुटलात वन्सं," एकदा म्हणाली, आणि विधवेला असं बोललो म्हणून तिनेच जीभ चावली. ती दादाच्या आधी गेली. त्यांचा एक मुलगा, निलेश. शिकला, पोर्तुगालचा पासपोर्ट केला आणि इंग्लंडला गेला. दादाने विमानतळावर त्याला विचारलं म्हणे, तिथे खडप आहेत का.

मग दादाला झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं बोलणं मात्र होतं तिथेच राहिलं. निलेश रजा काढून आला. कोरगावचं घर बंद करायचं, बागायत कुणाला तरी कसायला द्यायची, बाबांना म्हापशाच्या आश्रमात ठेवायचं, असं तो खाटेशी बसून त्यांना समजावत होता. मी दारात उभी होते. दादा म्हणाला, "माका हंय जाय." मला इथेच राहायचंय. निलेश खाली मान घालून म्हणाला, "बाबा, तुमीच सांगतालात... शिसें अडकलें की वोडूंक बसूं नये. सोडून दिवचें." पोराचा आवाज कापत होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. दादाने त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं आता शिवी देईल. "बरें शिकलो," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केलं.

आश्रमात मी महिन्यातून दोनदा जात असे. पाव घेऊन जाई, त्याला म्हापशाचे गरम पाव आवडत. जनेलाजवळ कदेलीवर बसवलेला असे. जनेलातून नारळ दिसत, पाणी दिसत नसे. एकदा पाव चहात बुडवता बुडवता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "शालू, तुज्या घरची फाटली कूड रिकामी आसा मगो?"

मागची खोली. सासूबाईंची होती, त्या गेल्यापासून रिकामीच. दादाने उभ्या आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं, आणि आता मागताना त्याचा डावा हात चहात तसाच बुडालेला राहिला होता. मला ते दिसलं. सगळं दिसलं.

"आसा," मी म्हटलं. "पूण दादा, मी तळाक सोडिल्लें शिसें न्हय? शिशाक कसलें घर?"

तो हसला. अर्ध्याच तोंडाने, पण हसला. "बरें बांदलेंय," म्हणाला. मी उरलेला पाव त्याला भरवला, तोंड पुसलं आणि डिचोलीची बस धरली. ती खोली मी त्याला दिली नाही. त्याबद्दल मला रात्री झोप येत नाही वगैरे काही नाही. चांगली येते.

त्यानंतर तो आश्रमातल्या बाईंकडे दोरा मागायला लागला. बाई सांगत, एका हाताने आणि दातांनी काहीतरी बांधत बसतात, कधी सदरा उलटा घालतात, कधी मेलेल्या बायकोला चहा आण म्हणतात, तुम्ही मनावर घेऊ नका. मी शेवटची गेले तेव्हा त्याने उशीखालून ते काढून माझ्या मांडीवर ठेवलं. तंगूस, गळ आणि शिसं, पुरं बांधलेलं. निलेशने जाताना सामानाची पिशवी त्याच्याजवळ ठेवली होती, त्यातलंच. गाठी वेड्यावाकड्या होत्या, पण घट्ट. मी सवयीने बोट फिरवलं आणि थांबले. शिशाला जाड तंगूस होता. आणि गळाला कच्चो.

"दादा, हें उलटें बांदलां तुवें," मी म्हटलं.

"उलटें?" त्याने अंगठा आधी एका दोऱ्यावरून फिरवला, मग दुसऱ्यावरून. पुष्कळ वेळ फिरवला. "ना गो," तो म्हणाला. "समा आसा." बरोबर आहे, म्हणे. मग त्याने माझी करंगळी धरली, ती वाकते का बघितलं, नाही म्हटल्यावर सोडून दिली आणि पाव मागितला.

त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, हे मी डॉक्टरांकडून ऐकलेलं आहे. डोकंही ठिकाणावर नव्हतं. सदरा उलटा घालणारा माणूस गळही उलटा बांधेल, त्यात काय मोठं. त्या गोष्टीला यापेक्षा जास्त अर्थ लावायची माझी तयारी नाही. आयुष्यभर त्याला कुणी काही फुकट दिलं नाही आणि त्यानेही कुणाला दिलं नाही, मग शेवटी मीच कशाला देऊ.

तेरावं झाल्यावर निलेश दादाची बांबूची काठी घेऊन माझ्याकडे आला. इंग्लंडला नेता येत नाही म्हणाला, तुमच्याकडे जागा आहे. मी मागची खोली उघडून दिली. त्याने काठी कोपऱ्यात उभी केली आणि खिळ्यावर मी आणून टांगलेलं ते शिसं-गळ त्याला दिसलं. बापाचाच मुलगा, लगेच हातात घेतलं.

"आत्ते, बाबांनी हें उलटें बांदलां. वोडलें जाल्यार नुस्तें वतलें आनी शिसें रावतलें." मासा जाईल आणि शिसं राहील, एवढं त्याला लगेच कळलं.

"दिसनासलें ताका," मी म्हटलं.

"मगे सोडून समा बांदतां," तो म्हणाला आणि गाठीत नख घालायला लागला.

मी ते त्याच्या हातातून ओढून घेतलं. एवढ्या जोराने की गळ माझ्या तळहातात रुतला.  "आत्ते, रगत आयलें," निलेश म्हणाला. मी गळ काढला, शिसं-गळ परत खिळ्यावर लावलं आणि त्याला बाहेर चहाला चल म्हटलं. खोलीला कडी घातली.